खाजेवरचं औषध

आहे म्हणजे आहे, नाही कुठं म्हणालो मी? हत्तीचीच कातडी आहे, अस्सल आहे. पण दादा, तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत आणि मीही तिसऱ्यांदाच सांगतोय — पोरीला खाली इस्पितळात न्या. यात्रेकरूंचा ट्रक आत्ता सुटेल, जेवणाच्या वेळेपर्यंत पोचाल. एक मलमाची नळी देतात तिथं, पांढरी. कोपराच्या आतल्या बाजूलाच चट्टे आहेत ना तिच्या? आणि गुडघ्यामागं? मग मलमच त्याला. बघताय काय असे — दुकानदारच गिऱ्हाईक परत पाठवतो म्हणून? अहो, दुकान माझं नाही. सुनेचं आहे. न्वे यी देवळाकडं गेलीय, पगोड्याला फुलं वाहून येईल, तोवर मी बसलोय. तिला कळलं ना मी लोकांना इस्पितळाची वाट दाखवतो, तर म्हणेल, "बाबा, तुम्हाला बसवण्यापेक्षा कुत्रं बांधलेलं बरं, ते निदान पान मागत नाही." बोलते हो, पण मनानं वाईट नाही. मुलगा माझा थायलंडात, कोळंबी सोलायच्या कारखान्यात. माझ्या ताटात भात पडतो तो तिच्यामुळंच.

बसा ना, उभे का? पोरीला मांडीवर घ्या. तनाखाचा लेप छान लावलाय गालाला, आईनं लावला? — हं. मला एक सांगा, कुणी सांगितलं तुम्हाला हे औषध? शेजारणीनं. तिला कुणी सांगितलं? तिच्या शेजारणीनं. म्हणजे जाळायची, राख करायची, खोबरेल तेलात कालवून लावायची — असंच ना? बरं. मग आता माझं ऐका, मी अडाणी माणूस, पण एवढं मला कळतं. हत्तीच्या कातडीनं खाज जात असती, तर हत्तीला खाज का सुटली असती? दिवसभर अंग खाजवतो तो! झाडाला घासतो, खडकाला घासतो, माती उडवून घेतो पाठीवर. आमची मो स्वे — हत्तीण माझी — तिच्या कानामागं असे चट्टे उठायचे, थेट तुमच्या पोरीसारखे. मी रोज सकाळी ओढ्यात बसवून वेलीच्या सालीचा फेस करून घासायचो, तासतासभर, तेव्हा कुठं डोळे मिटायची. एवढी कातडी अंगावर घेऊन हिंडत होती ती, तिला नाही गुण आला, आणि तुमच्या पोरीला येणार? हसू नका, मी थट्टा नाही करत. दिवसाला दहा लोकांना सांगतो हे. दहाही जण हसतात आणि दहाही जण म्हणतात — आजोबा, द्या हो तरीपण थोडी.

माहूतच होतो, मग! एकतीस वर्षं. बागोच्या डोंगरात, सरकारी लाकूडतोडीच्या छावणीत. मो स्वे सागाचे ओंडके असे ओढायची की बघत राहावं, आणि आळशीपण तितकीच, ओंडका जड वाटला की खोटी लंगडायची. तुम्ही शहरातले, तुम्हाला वाटत असेल काम झालं की हत्ती बांधून ठेवतात. छे! बांधला तर खाईल काय? पुढच्या पायांत साखळी घालून सोडून द्यायचा जंगलात, गळ्यात लाकडी घंटा. सकाळी माहूत आपापल्या घंटेच्या आवाजामागं जातो नि घेऊन येतो. घंटा ज्याची त्यानं कोरायची. छावणीत बावीस हत्ती, बावीस आवाज, एकासारखा एक नाही. माझी सागाच्या बुंध्यातली, जाड, दोन लोलक — ठक-ठुक, मग थांबणार, मग ठुक. कारण हत्ती चरताना थांबतो ना, फांदी मोडतो, चावतो, कान हलवतो. झोपेतसुद्धा ओळखीन मी.

तेच तर. आवाज ओळखून दाखवायची तीच हौस नडली.

उन्हाळ्याची सुट्टी होती, हत्तींना काम नसतं तेव्हा. एक माणूस आला, को तिन म्या म्हणून, मध गोळा करतो म्हणाला. गोड बोलायचा. येताना मुरवलेल्या चहाचा पाला आणायचा, शेंगदाणे नि तीळ घालून, मला "चाचा, चाचा" करायचा. तीन सकाळी बसला माझ्याशेजारी. म्हणाला, "चाचा, एवढ्या घंटांतून तुम्हाला स्वतःची कळते? मला तर सगळ्या सारख्याच वाटतात." आता माहुताला असं कुणी विचारलं की — तुम्ही सुताराला म्हणून बघा, तुझा रंधा चालतो का! मी त्याला शिकवली हो. हाताला धरून शिकवली. ती बांबूच्या बेटातली कोवळी, ती दुसऱ्या माहुताची, बो नीची, सोडून दे. डावीकडं, ओढ्यापलीकडं, जाडा आवाज — ती माझी. चौथ्या सकाळी त्यानं न चुकता बोट दाखवलं आणि मी त्याची पाठ थोपटली. पाठ थोपटली मी त्याची.

चौकशीला आलेल्या साहेबांना हे सांगितलं नाही कधी. त्यांनी कागद पुढं केला, मी अंगठा दिला. न्वे यीलाही नाही ठाऊक. तुम्हाला का सांगत बसलोय कोण जाणे. पाणी देऊ का पोरीला?

नाही, तिचं ओरडणं नाही ऐकू आलं. त्या सकाळी घंटा वाजत होती, तेच तर सांगतोय! ओढ्यापलीकडं, डावीकडं, जाडा आवाज. म्हटलं आहे, चरतेय, घाई कसली. चहा घेतला. बो नीशी गप्पा मारल्या, वर आणखी एक पान लावलं. आणि आवाज येतोय — ठक-ठुक, ठक-ठुक, ठक-ठुक. थांबत नव्हता. एवढ्या एकसारख्या ठेक्यात कुठला हत्ती चरतो, दादा? एकतीस वर्षांच्या माहुताला कळू नये? जेव्हा कळलं तेव्हा पळत गेलो. घंटा ओढ्याकाठच्या झाडाला टांगलेली होती, तिला बांधलेली फांदी ओढ्यात सोडलेली, पाणी ती फांदी हलवत होतं. मो स्वे कुठं होती ते शोधायला दुपार झाली. विषाचा बाण होता, पोटात. मी गेलो तेव्हा — जाऊ द्या. पोर ऐकतेय. बिनाकातड्याचा हत्ती पांढरा दिसतो, एवढंच सांगतो. मला वाटलं ही माझी नाहीच.

आता तुम्ही म्हणाल, मग म्हातारा अशा दुकानात बसतो कसा? न्वे यी म्हणते, "आपण नाही विकलं तर पलीकडची विकेल, बाबा." खरंच आहे, विकेलच. तिला वाटतं मी घरी करमत नाही म्हणून येतो. अहो, आमच्या हत्तींच्या ढुंगणावर आकडा डागलेला असतो, वितीएवढा, दोन्हीकडं. कातडी वाळली तरी तो वण जात नाही, बोटाला दोरीसारखा लागतो. नवा माल आला की सून इकडं तिकडं झाल्यावर मी डबा काढतो नि एकेक तुकडा चाचपतो. दोन पावसाळे झाले. तिची सापडली तर काय करणार? काही नाही, पुरीन कुठंतरी. बाकी काय करणार मी?

अहो — अहो, डब्यात हात घालू नका! दाखवा तो. दाखवा म्हणतो ना. हा नवाच दिसतोय, सकाळच्या गाठोड्यातला, हा पाहायचा राहिला... थांबा. उजेडात धरू द्या.

नाही. गुळगुळीत आहे. कानाजवळचा असेल, पण तिच्यासारखे चट्टे नाहीत. तिची नाही ही.

काय म्हणालात? "मग द्या की आता, तुमची नाही तर." — हो. बरोबर बोललात. मीही तेच म्हणतो रोज. तिची नाही म्हटलं की पुडी बांधतो नि देऊन टाकतो, दोन पावसाळे झाले देतोय. कुणाची असेल, कुठल्या छावणीची, कोण माहूत तिच्या घंटेच्या मागं गेला असेल — मनात आलं नव्हतं माझ्या. तुमची शपथ, आलंच नव्हतं.

नाही देत, दादा. पैसे नका काढू. न्वे यी येईल एवढ्यात, तिच्याकडून घ्या, ती देईल, मी आड नाही येणार. माझ्या हातून नाही. पोरीला उचला. आणि ते सामान जरा सरकवा, मला दुकानाच्या फळ्या लावायच्यात.