बोकडाचे डोळे पुरले तेव्हा

मी एकदा डोळे पुरले. हसू नका, खरंच पुरले, दवाखान्यामागच्या जांभळीखाली, वर हळदकुंकू वाहून. माणसाचे नाय हो, बोकडाचे. कुंकू लावलं बोकडाच्या डोळ्यांना! अशी मी शहाणी.

मी मूळची निफाडकडची. लग्न होऊन नाशकात आले, इंदिरानगरात खोली घेतली आणि डोळ्यांच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. तिथं डोळ्यांचं शिकायला शिकाऊ डॉक्टर यायचे. त्यांची बडदास्त चांगली, राहायला खोली, मेसचं जेवण, पुस्तकांची खोली कायम उघडी, आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे सरावाची खोली. तिथं मायक्रोस्कोप, आणि फ्रीजमध्ये काचेचा डबा. माणसाच्या डोळ्याला हात लावायच्या आधी बोकडाच्या डोळ्यावर हात बसवायचा, अशी रीत. खाटकाकडून सकाळी ताजे यायचे.

ती खोली पुसायचं काम माझ्याकडं. काय सांगू तुम्हाला, त्या डोळ्यांची बाहुली आडवी असते, फटीसारखी. एकदा डबा टेबलावरच राहिलेला. मी डावीकडं गेले की फटी डावीकडं, उजवीकडं गेले की उजवीकडं. मी मोठी धीट, सगळे पालथे करून ठेवले. फरशी पुसून वळले तर सगळे परत वर, माझ्याकडं. डब्यातल्या पाण्यात फिरले असतील, असं आज म्हणते. तेव्हा नाय सुचलं. डबा पदराखाली घेतला आणि थेट जांभूळ गाठली.

दुपारी मधुरा डॉक्टर आली. देवळ्याची, कांद्याच्या व्यापाऱ्याची पोर. दुसऱ्या दिवशी तिचं पहिलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि मोठे सर म्हणालेले, आज माझ्यासमोर सराव करून दाखवलास तरच पेशंट देईन. बघते तर डबा नाय. भिंतीला टेकून रडायलाच लागली. मी म्हटलं, पोरी, मीच पुरले. अहो मावशी, पण का? म्हटलं, ते बघत होते म्हणून. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, वाटलं आता मलाच पुरते.

मग मीच पळाले. खाटकाच्या हातापाया पडून नवे डोळे घेतले, रिक्षात बसले. डबा मांडीवर, अजून कोमट, आणि खड्डा आला की आत काहीतरी कूस बदलायचं. मी झाकण दाबून धरलं, खाली बघितलं नाय. मधुरानं सराव दाखवला, तिला पेशंट मिळाला, त्या म्हातारबाबाला लख्ख दिसलं.

जांभळीला मात्र त्या वर्षी लय जांभळं लागली. काळी, गोल, ओली चकचकीत. सगळ्यांनी खाल्ली. मी एकसुद्धा नाय.

आता सरांच्या जागी मधुरा हाय. शिकणाऱ्यांसाठी मशीन आलंय, त्यात खोटा डोळा कापायचा आणि पडद्यावर आपली चूक बघायची. पण फ्रीजमधला डबा अजून हायच. परवा माझाच मोतीबिंदू काढला, एका शिकाऊ पोरीनं, मधुरा शेजारी उभी. मी उताणी, हलायची बंदी, नुसता पांढरा उजेड, आणि त्यातून दोन काळ्या सावल्या वाकून माझ्यात बघतायत, त्यांना तोंडं नाहीत. मला ती आडवी फट आठवली. मनात म्हटलं, कर पोरी, बसव हात, यश येऊ दे तुला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना मधुरा माझ्या कानाशी वाकली. काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगते: मावशी, आता खरं सांगा, तिकडून आम्ही कसे दिसतो?