सांभाराच्या जुड्या अन् पोरीचा ठराव

माहेर माह्यं अकोटाकडचं, अन् देल्लं मले बाळापूरकडं, नाल्याच्या काठच्या वावरात. सासूनं पयल्याच दिवशी मले काय शिकवलं म्हनान तं सांभार धुवाले. तुमी कोथिंबीर म्हनता, आमी सांभार म्हनतो. उपटला का नाल्यात बुचकळाचा, मुळाची माती गेली पायजे, नाही तं बजारात बाया जुडीले हातबी लावत नाईत. सारी जिंदगी तेच केलं मी.

मंग वरच्या अंगाले कारखाना आला, नाल्याले फेस याले लागला, हाताले खाज सुटे, पन आमी धूतच होतो, काय करता? माही पोरगी प्रिया अकोल्याले कॉलेजात जाते, तिनं अन् तिच्या मैतरनीईनं बाटल्यात पानी भरून तपासाले नेलं अन् ग्रामसभेत ठराव मांडला. पोरगी माइकवर बोलून राहिली, सारं गाव गुमान आयकून राहिलं, माही छाती अशी फुगली का ती काय वाचून राहिली ते मी आयकलंच नाही. हात वर करा म्हनलं, सगळ्यात पयले म्याच केला.

दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन नाल्यावर गेली तं पोरगी तिथं उभी. माय, धुऊ नको, ठरावात हाय, कारखान्यानं पानी सोडाचं नाही अन् आपन त्यात भाजी धुवाची नाही. मी म्हनलं, अवं, कारखाना तं सोडूनच राहिला. ती म्हने, त्याले टाइम लागन, आपला नियम आपल्यापासून. काय सांगू तुमाले, कायदा करनारी माह्या पोटची अन् पयला फटका मलेच.

आता हापशीवरून पानी वाहून राहिली मी. कंबर धरते, बजारात उशीर होते, बसाची जागा जाते. शेजारच्या बाया म्हनतात, तुह्या पोरीनं आमच्या पोटावर पाय देल्ला. हात त्याईनंबी वर केल्ते, पन कोनाकोनाले सांगू? पोरगी अमरावतीच्या प्रदूषणवाल्या हापिसात चकरा मारते. तिथला साहेब म्हने, असा नियम साऱ्या जिल्ह्याले लावाचा इचार हाय, कसा पायजे ते लिहून द्या. पोरीईनं लिहून देल्लं. फेस हाय तेवढाच हाय.

परवा पोरगी यष्टीतून उतरली अन् ओट्यावरच बसली. म्हने, माय, थकली मी, सोडून देऊ काय? मीबी थकलीच होती. मनात आलं, हो म्हनाव, उद्यापासून नाल्यावर जाता येईन, कोनी आडवं येनार नाही. पन तोंडातून निंगालं, सोडाचं होतं तं माह्या हात वर कराच्या आंधी सोडाचं होतं, पोरी. आता जेव, अन् सकाळची यष्टी पकड.

गेली ती. देव तिच्या कागदाले यश देवो, अन् तवरक माह्या कंबरेले जोर.