गुडघ्यांसाठी गाडी

पायाला प्लास्टर घातलेल्या शिक्षिकाबाई हाडांच्या दवाखान्यात मासिक उघडून बसल्या होत्या. पण शेजारी येऊन टेकलेलं म्हातारं जोडपं त्यांना एक ओळ धड वाचू देईना.

"अहो, माझे गुडघे दुखतात म्हणूनच ही विजेची गाडी बनवलीत ना?"

"तुझ्यासाठीच गं. स्वतःच्या हातांनी."

"मग चढावर ढकलली कोणी?"

"अगं, दोन बॅटऱ्या एकीला एक जोडल्यात. एक नवी, एक आपल्या जुन्या स्कूटरची. जुनी बसली, की नवीही बसते."

"मला विचारायचं होतंत. लग्न झाल्यापासून तेच बघतेय."

"दुकानदार म्हणत होता खरा, दोन्ही सारख्या घ्या म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, मला शिकवू नकोस."

"धन्य आहे! आता घरी कसं जायचं?"

"जाताना उतारच आहे. बॅटरी लागतेय कुणाला?"

"आणि ब्रेक? ते लागतात का?"

"लागतात गं. जरा वेळ लागतो."

शिक्षिकाबाईंनी मासिक तोंडासमोर धरलं.

तेवढ्यात नर्सने दारातून हाक मारली. "आजी, चला आत. सोबत कोण आहे तुमच्या?"

आजी खुर्चीला धरून कण्हत उठल्या.

"ड्रायव्हर आहे. त्याला बाहेरच बसू दे."