ओटा माझ्या उंचीचा

हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण उचलणार आता?… बोल.

हो, पाठवलं परत. तुझ्या त्या डेकोरेटरला… अगं, अपमान कसला? चहा पाजला, मग वाटेला लावलं… चांगला होता गं माणूस. पडद्यांची कापडं दाखवली, उशांचे अभ्रे दाखवले, भिंतीवर लावायला डोंगराचं एवढं मोठं चित्र दाखवलं…

आवडलं की! पण तो काय म्हणाला, ऐक. म्हणाला, "काका, रंग फिकाच ठेवू. भाडेकरूंना फिका आवडतो."

आता बोल की. कोण भाडेकरू?

हं… हं… नंतर सांगणार होतीस. नंतर म्हणजे कधी? पडदे लागल्यावर? आणि मला सामानाबरोबर टेम्पोत घालून तुझ्या घरी?… जावयांना मध्ये आणू नकोस. ते बिचारे तुझ्यापुढे हूं की चूं करत नाहीत.

नाही. नाही म्हणजे नाही… अगं ऐक ना! घर नटवायचं कशाला, तर लोकांना दाखवायला. मला दाखवायचं नाहीये, राहायचंय. म्हणून मी डिझायनर बोलावली… हो, मीच. खालच्या डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर तिनेच केलंय.

फरक?… फरक असा, की तुझा माणूस आला तो थेट दिवाणखान्यात जाऊन उभा राहिला. ही आली ती म्हणाली, "काका, कांदा चिरून दाखवा."… हसू नकोस, खरंच! मी चिरत होतो, ही शेजारी उभी. मग माझ्या कोपराला टेप लावली, जमिनीपर्यंत सोडली, आणि म्हणाली, "हा ओटा तुमच्यासाठी बांधलेलाच नाही."

हो… तुझ्या आईसाठी. माझ्या खांद्यालाही लागत नव्हती ती. तिच्या मापाचा ओटा.

तोडणार. तोडून उंच करणार. न्हाणीघरात धरायला दांडी बसवणार, आणि…

रडतेस काय?… अगं, मला नाही का वाटत काही? अजून तिथे उभा राहिलो की वाटतं, आत्ता म्हणेल, सरका बाजूला, नुसती लुडबुड. पण कंबर धरते गं. भाजी होईस्तोवर वाकून वाकून असा जीव जातो, की जेवायची इच्छाच उरत नाही. मग तू म्हणतेस, बाबा जेवत नाहीत, बाबांना एकटं राहणं झेपत नाही. झेपतं! मला ओटा झेपत नाही!

आता पडदे बदलून माझी कंबर सरळ होणार आहे का? सांग ना…

आईची आठवण? तुझी आई काय ओट्यात राहते? ती असती तर तीच ओरडली असती, कुबड येईल, फोडा तो मेला ओटा.

तुझ्या घरी काय करू मी? पेपर वाचू आणि कुणी ताट वाढतंय याची वाट बघू?… माहीत आहे, प्रेमानेच म्हणतेस. प्रेमानेच नाही म्हणतोय मीही.

थांब, बेल वाजली… या मिस्त्री, या. आत, स्वयंपाकघरात… मुलगी आहे फोनवर.

काय?… उद्यापर्यंत थांबू? तू येतेस? बघायला येतेस की थांबवायला?… खरं सांग… मग नको. झाल्यावर ये. मुक्कामाला ये. मी रांधतो, तू बस.

अहो मिस्त्री, थांबा, थांबा! छिन्नी-हातोडी इकडे द्या. पहिला घाव मी घालणार…

नाही गं, नाही लागणार हाताला. दोन्ही हात मोकळे हवेत मला… ठेव आता… ठेव म्हणतो ना… बरं, मीच ठेवतो.