वरच्या मजल्यावरचे पंखे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे अभियंता साहेब, आणि निमंत्रणपत्रिकेनं वारा घेत बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी या कार्यालयाचा वायरमन. कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं, डोकं तापट. हारतुऱ्यांची भाषा मला जमेलच असं नाही.

साहेबांना त्यांच्या माघारी सगळे 'सावलीसाहेब' म्हणतात. नव्या इमारतीच्या प्रत्येक बैठकीत त्यांचा एकच धोशा: छतावर ऊन अडवणारा थर हवा, खिडक्यांवर छज्जे हवेत, वारा आरपार गेला पाहिजे. सरकारी इमारतीला तसा नियमच आहे. एकदा कुणी म्हणालं, साहेब, एवढ्या सावलीत गवतही उगवायचं नाही. सगळे हसले. साहेबही हसले, आणि म्हणाले, "बांधणारा एकदाच बांधतो हो. आत बसणारा जन्मभर भाजतो."

उद्या त्या नियमातून सूट मिळण्याच्या कागदावर अध्यक्ष महोदयांची सही व्हायची आहे. समोर सगळी काच लावली की शोभा येते म्हणे. येत असेल. पण ती बघायला दुपारी आत कोण बसणार?

या इमारतीच्या वेळी तो नियम नव्हता. म्हणून ही भट्टीसारखी तापते, एसी फार वीज ओढतात, आणि या सभागृहाचे एसी आणि वरच्या मजल्याचे पंखे एकदम चालवले, तर लाइन भार सोसत नाही. खाली समारंभ असला की वरचे पंखे बंद करायचे, हे माझं काम. वर टंकलेखन विभाग आहे. डोक्यावर तापलेला स्लॅब. कागद हाताला चिकटतात.

तिथे एकजण बसते. नाव घेत नाही. तिला आवडणार नाही, आणि तिच्या भावाला तर मुळीच नाही. मागच्या समारंभात तिला भोवळ आली. मी पाणी घेऊन धावलो. ती म्हणाली, "पंखा तूच बंद करायचा आणि पाणीही तूच आणायचं?" त्यानंतर बोलली नाही. आता तिनं राजीनामा दिलाय. असो, हा विषय इथला नव्हे.

मी हे साहेबांपाशी बोललो होतो. ते एवढंच म्हणाले, "नवी इमारत अशी बांधू, की तुला कुणाचा पंखा बंद करावा लागणार नाही." त्यासाठी ते शेवटपर्यंत भांडले. आज ते निवृत्त होतायत, आणि भांडायला मागे कुणी दिसत नाही.

आपण घामाघूम झालात, ते मला दिसतंय. शिपाईमामा मघापासून दारातून खुणावतायत. मामा, एसी बिघडलेले नाहीत. आज मी वरचे पंखे चालू ठेवलेत. वरच्या टंकलेखिकांना या समारंभाचं बोलावणं नाही. त्या काम करतायत. तिचा आज शेवटचा दिवस. वारा कसा काय लागतोय, हे तिला कळायचंही नाही.

अध्यक्ष महोदय, उद्या सही करण्याआधी मानेवरचा हा घाम आठवावा, एवढीच विनंती.

साहेब, जिथे राहाल तिथे सावली मिळो. सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. पंख्यांची माफी मात्र मी मागत नाही.