बेंबीच्या देठापासून दिलेलं मत

अमेरिकेत उत्तर-दक्षिणेची यादवी अजून पेटलेलीच होती. त्यातच आमचा डोंगराळ मुलूख दक्षिणेच्या व्हर्जिनियातून फुटून उत्तरेच्या बाजूचं वेगळं राज्य झाला, म्हणून सकाळी तोफा उडाल्या. पाणचक्कीवर मका दळायला रांग होती. माझ्यापुढे एनोक आणि पर्मेलिया, नवरा-बायको.

"तोफा तुमच्याच मताच्या बरं का. टोपी काढा!"

"अगं, हळू बोल. लोक ऐकताहेत."

"आता हळू? एरवी डुकरांना हाकसुद्धा मीच मारते. मतदानाला मात्र बेंबीच्या देठापासून ओरडलात, 'नवं राज्य!'"

"मत तोंडानंच द्यायचं असतं ना, चारचौघांत?"

"अर्ध्या गावाला त्या दिवशी ताप आला होता. तुम्हाला साधा खोकला येऊ नये?"

"उत्तरेचे शिपाई संगिनी घेऊन दारात उभे होते."

"आणि तुमच्या मागं आपला सायलस उभा होता! बापाचं मत ऐकलं आणि तसाच डोंगर उतरून गेला, दक्षिणेच्या फौजेत. आता परतला तर घरी येणार की शत्रूच्या मुलखात, सांगा!"

"माझ्यानंतर त्याचीच पाळी होती."

"मग?"

"म्हणून तर ओरडलो. संगिनींपुढे त्याला नुसतं 'बापाचं तेच माझं' म्हणून सुटता आलं असतं."

"अहो, मग हे आदल्या दिवशी घरी नाही का सांगायचं त्याला?"

"घरी आमचं बोलणं बंद होतं."