कडुनिंबाखालची बरणी

माझी पन्नास वर्षांची लबाडी परवा नातीनं उघडी पाडली, तीही चमचा अन् ब्रश घेऊन! शाळेत कुणी उत्खननवाल्या बाई येऊन गेल्या, तेव्हापासून परीला मोकळी जमीन दिसली की खणायची. अंगणात कडुनिंबाखाली तिनं दोरीनं चौकोन आखला. मी अन् माझी मोठी जाऊ, अक्का, खाटेवर बसून बघत होतो.

"आजी, सापडलं!" परी किंचाळली. चिनी मातीचे तुकडे! ती लोणच्याची बरणी मी लगेच ओळखली. 

"फेकली असेल कुणी," मी म्हटलं.

"नाही! फेकलं की तुकडे पसरतात, बाईंनी सांगितलंय. हे सगळे एकाच खड्ड्यात आहेत अन् वर दगड! म्हणजे कुणीतरी फोडून लपवलीय!"

अक्कानं तुकडा हातात घेतला. "ही तर सासूबाईंची बरणी शे! मना माहेरचा भाऊ ती घेऊन गेला असं समजून त्यांनी मारलेले टोमणे वरीसभर खादे मी!"

"अक्का," मी मान खाली घालून म्हटलं, "माझ्याच हातून फुटली होती."

 अक्का बोलणार तेवढ्यात परी उड्या मारत ओरडली, "आता गोठ्यामागं खणते!"

गुडघेदुखीची अक्का खाटेवरून टुणकन उठली. "तठे नको खणू, पोर!"

मीच परीला चमचा नेऊन दिला.